गाडी दारात आल्यावरचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल-सीएनजीचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाड्या या सवलतीत बसतात. अल्टो के१० ची सुरुवातीची किंमत तेव्हा सव्वाचार लाखांवरून पावणेचारच्या आत आली. वॅगनआर पाच लाखांच्या किंचित खाली उतरली, टियागो साडेचारच्या जरा वर थांबली. दुचाकीवर पुढे एक मूल, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरं मूल असा प्रवास करणाऱ्या घरांत पुन्हा तोच विषय निघाला. आता तरी गाडी घ्यावी का? आणि घ्यायची तर कोणती?

हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याआधी कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर या दोनच गाड्या सहज नजरेस पडत, आणि दोन्हींसाठी नंबर लावून वाट पाहावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, तेव्हा गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. शिक्षक, बँकेतले कारकून, एलआयसीचे विकास अधिकारी यांच्या दारात हळूहळू गाडी दिसू लागली. मार्च २००९ मध्ये टाटांची नॅनो एक लाखाच्या घोषणेसह बाजारात आली. खुद्द रतन टाटांनी दुचाकीवरचं भिजणारं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून ती कल्पना मांडली होती. तरीही नॅनो रुजली नाही आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन जवळपास थांबलं. सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना, सुरुवातीच्या काही गाड्यांना लागलेल्या आगींच्या बातम्या आणि ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का ही त्याची कारणं नेहमी सांगितली जातात. मला त्यात आणखी एक कारण दिसतं. बेताच्या उत्पन्नाचं घर आयुष्यात एक-दोनदाच गाडी घेतं. विकायला काढली तर बरे पैसे यावेत आणि बिघडली तर गावातल्या फिटरला ती उघडता यावी, ही त्याची पहिली गरज असते. त्याच काळात अल्टो वर्षानुवर्षं देशातली सर्वाधिक खपणारी गाडी राहिली, ती याच गरजेपोटी.

म्हणून मॉडेलच्या नावाआधी महिन्याचा हिशेब मांडायला हवा. शोरूममध्ये तो कुणी मांडून दाखवत नाही. तिथे ‘हप्ता किती बसेल?’ एवढंच विचारलं जातं.

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावचं घर धरू. हातात महिना चाळीस हजार येतात. नवरा-बायको, शाळेत जाणारं एक मूल आणि गुडघे धरलेली आई. गाडी महिन्याला सहाशे किलोमीटर फिरेल. आठवड्यातून दोनदा कामाचं, महिन्यातून एकदा आईला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं, सणावाराला माहेर. साडेतीन लाखांची चार-पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली, दीड लाख स्वतःचे घातले आणि दोन लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी चार वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ५,२६७ रुपये. लिटरला १६ किलोमीटरचं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर इंधनाचे ३,९००. विम्याचे वर्षाला नऊ हजार म्हणजे महिन्याला ७५०. सर्व्हिसिंगचे ७००. टायर आणि बॅटरी पाच-सहा वर्षांत कधीतरी बदलाव्या लागणार, त्यासाठी महिन्याला ३३० बाजूला. क्लचप्लेट, सस्पेन्शनचे बुश, एसीचा गॅस अशा न सांगता येणाऱ्या खर्चासाठी आणखी ७००. एकूण साडेअकरा हजारांच्या वर. म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा ओलांडला. आणि हप्ते फिटल्यावरही महिन्याला ६,४०० रुपये लागतच राहतात, हे फार थोड्या घरांनी आधी गृहीत धरलेलं असतं.

या आकड्याने कुणी खचून जाऊ नये, पण तो आधी कागदावर उतरवावा. माझा सल्ला असा की इंधनासकट चालवण्याचा खर्च आणि हप्ता मिळून पगाराच्या पाचव्या हिश्शात बसत नसेल, तर कर्ज कमी करावं. एक वर्ष थांबून आणखी लाखभर जमवावा किंवा अडीच लाखांची गाडी बघावी. हप्ता लहान व्हावा म्हणून मुदत वाढवणं हा सगळ्यांत महागडा उपाय आहे. चार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडलं तर व्याज १ लाख ४ हजारांच्या आसपास जातं. तेच सात वर्षांवर नेलं की व्याज दीड लाखाला टेकतं, आणि गाडीची किंमत उतरत असताना कर्ज मात्र अंगावर राहतं. जुन्या गाडीच्या कर्जाला बँका नव्यापेक्षा जास्त दर लावतात. नोकरदारांच्या पतसंस्थेतून किंवा शिक्षक सोसायटीतून कर्ज मिळत असेल तर तो दर आधी विचारावा.

महिन्याला तीनशे किलोमीटरही होणार नसतील, तर गाडी न घेणं हा सुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. दवाखान्यासाठी महिन्यातून एकदा गावातली गाडी भाड्याने सांगितली तरी वर्षाचा खर्च स्वतःच्या गाडीच्या निम्म्यावरही जात नाही. पण रात्री दोन वाजता आईला धाप लागली तेव्हा एसटी नसते आणि भाड्याची गाडी फोन उचलेल याचीही खात्री नसते. ज्या घरात म्हातारं माणूस किंवा सतत आजारी मूल आहे, तिथे मी पैशाच्या हिशेबावर अडून बसणार नाही.

आता नवी की जुनी? नव्या गाडीची जाहिरातीतली किंमत आणि दारात येईपर्यंतची किंमत यांत महाराष्ट्रात बरंच अंतर पडतं. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी ११ टक्के रस्ताकर आहे, डिझेलला १३, सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. त्यावर विमा, नोंदणी, फास्टॅग. पाच लाखांची गाडी अशी सहा लाखांजवळ जाते. जुन्या गाडीचा हा कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, हा तिचा मोठा फायदा, आणि किंमत सर्वाधिक वेगाने घसरण्याची पहिली वर्षंही त्याच्याच खिशातून गेलेली असतात. विमा कंपन्या गाडीचं मूल्य ठरवताना चौथ्या वर्षी ४० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. प्रत्यक्ष बाजारात मारुती, टोयोटा, ह्युंदाई यांच्या गाड्या इतक्या उतरत नाहीत, पण दिशा तीच.

असं असलं तरी २०२५ च्या करकपातीने तराजू थोडा नव्याकडे झुकवला आहे. दोन वर्षं वापरलेली अल्टो किंवा वॅगनआर जर नव्यापेक्षा फक्त पन्नास-साठ हजारांनी स्वस्त मिळत असेल, तर नवीच घ्यावी. कंपनीची वॉरंटी आणि पहिल्यापासूनची निगा आपल्या हातात राहते. जुन्याचा खरा लाभ चार ते सहा वर्षांच्या गाडीत आहे. दहा वर्षांच्या पुढे गेलो की किंमत कमी होते खरी, पण रबर, वायरिंग आणि पत्रा एकाच वेळी म्हातारे होतात, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तर पत्रा त्याही आधी.

चार ते सहा वर्षं या मर्यादेमागे माझं आणखी एक कारण आहे, आणि ते मला पैशाहून महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली. अल्टो, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो या पाचही गाड्या विनाएअरबॅग रूपात शून्य ताऱ्यांवर राहिल्या. पुढे सरकारने नियम कडक केले. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटच्या पट्ट्याची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर, आणि २०२२ उजाडताना पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. म्हणून जुनी गाडी बघताना आरसी बुकावरचा उत्पादनाचा महिना आधी वाचावा. २०१८ ची गाडी वीस हजारांनी स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर ते वीस हजार नेमके कुठून वाचले हे कळायला हवं. गरीब माणसाच्या गाडीत एअरबॅग हा चैनीचा भाग मानण्याची सवय आपण मोडली पाहिजे.

ताऱ्यांच्या आकड्यांकडेही जपून बघावं. टियागोला २०२० मध्ये प्रौढांसाठी चार तारे मिळाले, पण त्यानंतर चाचणीचे निकष कडक झाले. २०२३ मध्ये त्या कडक निकषांवर अल्टो के१० ला दोन आणि वॅगनआरला एक तारा मिळाला. दोन्हींची थेट तुलना करता येत नाही, तरी टियागोचे चार तारे नजरेआड करता येत नाहीत. गाडी गावातल्या गावात आणि तालुक्यापर्यंत फिरणार असेल तर वॅगनआर चालेल. दर आठवड्याला पुणे-सोलापूर किंवा मुंबई-गोवा महामार्ग गाठायचा असेल तर मी टियागोकडे किंवा जुन्यात टोयोटाच्या इटिऑस लिवाकडे बोट दाखवीन. लिवाला २०१६ मध्ये चार तारे मिळाले होते. दिसायला साधी आणि आतून कोरडी असल्याने तिला बाजारात फार मागणी नसायची. इंजिनाबद्दल तक्रार मात्र क्वचितच ऐकू येते. ती २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे शेवटच्या वर्षांतली मिळाली तरच घ्यावी.

भरवशाच्या बाबतीत मारुतीचं नाव अजून वर आहे आणि ते योग्यच आहे. एक लिटरचं के सिरीज इंजिन २०१० पासून अल्टो के१० आणि वॅगनआरमध्ये लाखो गाड्यांत चाललेलं आहे. त्यात टायमिंग चेन असल्याने ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याची भानगड नाही. ह्युंदाईच्या १.२ लिटर कप्पा इंजिनाचंही तेच, म्हणून ग्रँड आय१० ही चांगली जुनी गाडी ठरते. सँट्रो आणि आय१० मधल्या जुन्या १.१ इंजिनाला मात्र बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल मागावं. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी वॅगनआरची उंच सीट हा फार मोठा गुण आहे. अल्टोत खाली वाकून बसावं लागतं आणि उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. टेस्ट ड्राइव्हला घरातल्या ज्येष्ठांनाच आधी बसवून-उतरवून बघावं.

भारत सोडून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या मोहात पाडतात. शेव्हरोलेने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. त्यामुळे बीट, फिगो, रेडीगो स्वस्तात मिळतात. फिगो चालवायला खरोखर चांगली आहे. पुण्यात राहणाऱ्याला नाना पेठेत चार दुकानं फिरून तिचा पार्ट मिळेल. बीड किंवा गडचिरोलीत राहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. हेडलाइट फुटला तर गाडी पंधरा दिवस उभी राहते. डिझेलबद्दलही थोडक्यात सांगतो. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या आत वापर असेल तर जुनी डिझेल गाडी घेऊ नये. इंजेक्टर किंवा टर्बो गेला की वर्षभराची इंधनबचत एका बिलात जाते, आणि २०२० नंतरच्या गाड्यांतला धुराचा फिल्टर गावातल्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो.

सीएनजीचा हिशेब वेगळा करायला हवा. कंपनीची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा ९० हजारांच्या आसपास महाग पडते. वॅगनआर किलोला २५ किलोमीटर जाते आणि सीएनजी ८० रुपये किलो आहे असं धरलं तर किलोमीटरला सव्वातीन रुपये, पेट्रोलवर सव्वासहा ते साडेसहा. म्हणजे तीन रुपये वाचतात आणि ९० हजार फिटायला तीस हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दीड हजार फिरणाऱ्याचे पावणेदोन वर्षांत फिटतील, सहाशे फिरणाऱ्याला चार वर्षांहून जास्त. पंपावर रांग किती, हे सकाळी सात वाजता स्वतः जाऊन बघावं. डिकीतल्या टाकीमुळे आईची व्हीलचेअर मावत नाही, हा मुद्दा ब्रोशरमध्ये नसतो. बाहेरून बसवलेलं किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीखही विचारावी.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सर्वत्र आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं घटणारच. आपल्याच उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना त्याचा आधार झाला आहे, हेही खरं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनासाठी तयार केलेल्या आहेत. त्याआधीची घेतली तर इंधनाचे रबरी पाइप आणि गास्केट तपासून घ्यावेत, फुगलेले असतील तर बदलावेत. खर्च फार नाही. वीजगाड्यांना महाराष्ट्रात रस्ताकर माफ आहे आणि चालवण्याचा खर्च अगदी कमी. पण नवी घ्यायला किंमत या घरांच्या आवाक्याबाहेर आहे आणि जुनीच्या बॅटरीची तब्येत पारखणारा माणूस तालुक्यात अजून नाही.

जुनी गाडी बघायला जाताना आपला फिटर सोबत न्यावा, त्याची पाचशे-हजार रुपयांची मजुरी आधी ठरवून. जाणता फिटर बॉनेट शेवटी उघडतो. आधी तो मागच्या सीटवर बसतो आणि पट्टा पूर्ण बाहेर ओढतो. वरच्या टप्प्यात पट्टा स्वच्छ आणि गुंडाळीच्या तळाशी तपकिरी रेघ दिसली, तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. मग मोबाइलची बॅटरी लावून पुढच्या सीटखालची पट्टी बघतो. तिथल्या बोल्टवर गंज आणि खाचेत वाळलेली बारीक माती असेल, तर वरचं नवं सीटकव्हर कशासाठी घातलंय ते उघड होतं. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघतो, डॅशबोर्डखाली हात घालून वायरच्या जोडावरची हिरवट बुरशी शोधतो. मग मालकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणतो, ‘सर, राहू द्या ही. पाण्यातली हाय.’ मुंबईत २६ जुलै २००५ ला, सांगली-कोल्हापुरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये, चिपळूण-महाडला २०२१ च्या जुलैत गाड्या बुडाल्या. विमा कंपन्यांनी भंगार म्हणून काढलेल्या अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. वर्षभर त्या चालतात आणि मग एकेक इलेक्ट्रिक जोड साथ सोडतो.

अपघाताची खूण दारांच्या रबरी पट्टीखाली सापडते. पट्टी सोलली की कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसायला हवेत. तिथे सपाट पुट्टी असेल तर तो भाग बदललेला आहे. सगळ्या काचांवरचं उत्पादनवर्ष जुळतं का, बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने खरवडलेले आहेत का, हेही तिथेच कळतं. मीटर मागे फिरवलेला असेल तर पेडलचं झिजलेलं रबर खरं सांगतं. ४० हजार किलोमीटरच्या गाडीचं क्लचपेडल गुळगुळीत होत नाही. शक्य असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसिंगचं रीडिंग विचारावं. आणि गाडी थंड असतानाच सुरू करून बघावी. आपण पोहोचण्याआधीच मालकाने ‘गरम करून ठेवली’ असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळलं आहे, मग किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये. दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांबाबतही सावध राहावं. तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या इकडे येतात, पण इथे एनओसी, फेरनोंदणी आणि रस्ताकर वेगळा भरावा लागतो.

कागदांच्या बाबतीत लोक सगळ्यांत जास्त ढिलाई करतात. व्यवहार ठरण्याआधी गाडीच्या नंबरावरून ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर बँकेचा बोजा आहे का, थकलेले ई-चलान आहेत का ते पाहावं. कर्ज फिटलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरतात, आणि राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘नंतर करू ट्रान्सफर’ या शब्दावर कुणीही, विकणाऱ्यानेसुद्धा, विश्वास ठेवू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी कितीही हातांतून गेली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. विम्याचं नावही त्याच आठवड्यात बदलून घ्यावं. पहिल्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याच नावावर राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षीचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली आहे का, हेही पाहून घ्यावं.

गाडी घरी आणताना वीस-पंचवीस हजार हातात राखावेत. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल कुणी काहीही सांगितलं तरी बदलून घ्यावं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर, नक्षी शाबूत असली तरी, महामार्गावर नेऊ नये. आणि पहिल्याच दिवशी मागच्या सीटचं कव्हर सैल करून खाली दडपलेले पट्ट्यांचे बकल वर काढावेत. बहुतेक जुन्या गाड्यांत ते कधी वापरलेलेच नसतात, आणि मूल व आजी बसणार आहेत ते तिथेच.